४ जीबी रॅमचा स्वस्त स्मार्टफोन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी तपशील. ६.५ इंची एलसीडी, ७२०×१६०० पिक्सेल, ९० हर्ट्झ. ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी ५.१ स्टोरेज, ५००० एमएएच बॅटरी आणि डब्यात १० वॅटचा चार्जर. आठ महिने रोज वापरल्यावर मुख्य तक्रार प्रोसेसरबद्दल नाही, स्टोरेजबद्दल आहे.

सुरुवातीला फोन झकास पळतो. सिस्टीम आणि आधीच भरून आलेली अ‍ॅप्स वगळली तर हाती साधारण ४५ ते ५० जीबी राहतात. मोकळी जागा ८-१० जीबीच्या खाली आली की फोनचा नूर पालटतो. कीबोर्ड वर यायला रेंगाळतो, गॅलरीत फोटोंच्या जागी करड्या चौकटी दिसतात आणि मागे एखादं अ‍ॅप अपडेट होत असेल तर बाकी सगळं ठप्प. ईएमएमसी, म्हणजे या फोनमधली स्वस्तातली स्टोरेज चिप, एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस ही तिच्याहून वेगवान जातीची चिप दोन्ही एकदम करते. शिवाय फ्लॅश मेमरीत जुनं पुसल्याशिवाय त्याच जागी नवं लिहिता येत नाही, त्यामुळे जागा जितकी कमी तितकी आतली हलवाहलव जास्त. यात ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणजे आगीत तेल, कारण ती रॅम याच स्टोरेजमधून कापलेली असते. ती बंद करून फोन रीस्टार्ट करा, व्हॉट्सअ‍ॅपचं मीडिया ऑटो-डाउनलोड थांबवा, व्हिडिओ मेमरी कार्डवर हलवा. १५ जीबी मोकळे ठेवले तर फोन पुन्हा माणसात येतो.

टचबद्दल थोडं सविस्तर. चार्जिंगला लावून टाइप करताना नको ती अक्षरं उमटत असतील तर पॅनेलला दोष देण्याआधी चार्जर बदलून बघा. कपॅसिटिव्ह पडदा बोटामुळे होणारा अगदी बारीक विद्युत बदल मोजतो. हलक्या दर्जाच्या चार्जरमधला विद्युत गोंगाट केबलमधून आत शिरला की त्याची फसगत होते. तपासायचं असं: अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा आणि एका बोटाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरपी रेघ ओढा. चार्जर लावल्यावरच रेघ थरथरली तर दोष चार्जर-केबलचा. चार्जर नसतानाही ठराविक ठिकाणी तुटली तर टेम्पर्ड ग्लास काढून परत ओढा. फक्त कडांना गोंद असलेल्या काचेखाली हवा राहते आणि टच मंदावतो. तरीही तिथेच तुटली, तर मात्र पॅनेलच गेलं.

खरी काटकसर सेन्सरमध्ये आहे, आणि ती जाहिरातीत दिसत नाही. प्रॉक्सिमिटी सेन्सर (फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करणारा) ‘व्हर्च्युअल’ आहे, म्हणजे वेगळा भाग नाही, सगळा अंदाजाचा कारभार. बोलता बोलता गालाने म्यूट दाबलं जातं. पॉवर बटणानेच स्क्रीन बंद करून बोलणं हाच उपाय. मात्र अ‍ॅक्सेसिबिलिटीमधला ‘पॉवर बटण कॉल कट करतं’ हा पर्याय बंद हवा. मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्राचं काम करणारा सेन्सर, नाही, त्यामुळे नकाशावरचा निळा ठिपका तुम्ही उभे असताना तोंड कुठे आहे ते सांगत नाही. चार पावलं चालल्यावर कळतं.

कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेल असले तरी चार-चार पिक्सेल जोडून फोटो १२.५ चाच मिळतो. उजेडात उत्तम, रात्री बेताचा. २ मेगापिक्सेलची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स नसती तरी चाललं असतं.

बॅटरी ही जमेची बाजू: दीड दिवस आरामात. पूर्ण चार्जला मात्र पावणेतीन तास लागतात. पुढे केबल सैल बसायला लागली तर पोर्ट बदलण्याची घाई नको. बहुतेकदा तळाशी कापसासारखा मळ दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच उकरा. टाचणी घालू नका, आतली पट्टी वाकते.