प्रॉक्समॉक्सचे टेम्प्लेट आठ महिने वापरून: जागा वाचली, पण ती ३२ अक्षरं आधी पुसा

रविवारी सकाळी आई म्हणाली, "अरे, बारशाचे फोटो कालपासून वर चढतच नाहीयेत." आमच्या घरचे फोटो इमिच सांभाळतं, म्हणजे घरच्याच मशीनवर चालणारं फोटो साठवायचं सॉफ्टवेअर. ते चालतं एका सेकंडहँड मिनी पीसीवर, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी. त्यावर प्रॉक्समॉक्स आहे, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली. आदल्या रात्री मी टेम्प्लेटवरून, म्हणजे क्लोन (नकला) काढायच्या तयार साच्यावरून, एक नवी व्हीएम काढली होती, म्हणून संशय थेट तिच्यावरच गेला. राउटरच्या यादीत पाहिलं तर नव्या व्हीएमला इमिचच्या व्हीएमचाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालेला.

हे मला पटेचना. क्लोन करताना प्रॉक्समॉक्स मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख) नवा देतो, आणि तो दिलेलाही होता. दुपारभर केबल, राउटर, ब्रिज सगळं तपासलं. कारण निघालं मशीन-आयडीच्या, म्हणजे प्रत्येक सिस्टिमच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाच्या, फाइलमध्ये. उबुंटू सर्व्हरमध्ये नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीकडे (राउटरमधल्या आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी मागताना मॅक नाही, तर या आयडीवरून बनवलेली ओळख पुढे करतं. टेम्प्लेट करण्याआधी मी ती व्हीएम एकदा चालू करून अपडेट केली होती, तेव्हाच फाइलमध्ये ३२ अक्षरं बसली. पुढे जितके क्लोन काढले, तितक्यांची ओळख एकच. आठ महिने हे लपून राहिलं, कारण बाकीच्या व्हीएमना मी क्लाउड-इनिटमधून (व्हीएम सुरू होताना तिच्यात सेटिंग भरणाऱ्या साधनातून) ठरावीक आयपी देत होतो. इमिच आणि ही नवी, दोघीच डीएचसीपीवर होत्या.

उपाय एका ओळीचा आहे: टेम्प्लेटमध्ये रूपांतर करण्याआधी ती फाइल रिकामी करायची. फाइल काढून टाकायची नाही, आतला मजकूर तेवढा पुसायचा. मग प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा आयडी बनवतो. टेम्प्लेट कसा करावा हे सांगणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पहिल्याच पानावर द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

(चार दिवसांनी भर घालतोय.) वर लिहिलंय ते अपुरं होतं. मी उबुंटूची ताजी क्लाउड इमेज (सिस्टिम आधीच बसवलेली तयार डिस्क-फाइल) घेतली, तिच्यात ही फाइल रिकामीच होती. गेस्ट एजंट (व्हीएमच्या आतली माहिती प्रॉक्समॉक्सला देणारा प्रोग्रॅम) आधीच आत असावा म्हणून व्हर्ट-कस्टमाइझने, म्हणजे व्हीएम चालू न करता इमेजमध्ये बदल करणाऱ्या साधनाने, तो बसवला. दोन क्लोन काढले आणि पुन्हा तोच आयपी! फाइल रिकामी दिसली की व्हर्ट-कस्टमाइझ ती स्वतःच भरतं. तशी ओळ त्याने स्क्रीनवर छापलीही होती, माझंच लक्ष नव्हतं. म्हणून फाइल रिकामी करणं हे अगदी शेवटचं काम ठेवा. तसं केल्यावर दोन्ही क्लोनना वेगळे आयपी मिळाले.

बाकी मी समाधानी आहे, आणि त्याचं मोठं कारण पैसे. लिंक्ड क्लोन मूळ डिस्क वाटून घेतात आणि फक्त बदललेला भाग वेगळा साठवतात. त्यामुळे पाच व्हीएम असूनही मोठी एसएसडी घ्यावी लागली नाही. मात्र थिन पूल (व्हीएमच्या डिस्क ज्यातून लागेल तशी जागा घेतात तो साठा) किती भरलाय यावर नजर हवी. माझा ९१ टक्क्यांवर गेला होता. व्हीएमच्या आत पुसलेली जागा पूलला परत मिळत नव्हती, कारण डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड'ची खूण मी केलीच नव्हती. ती करून आतून एफएसट्रिम (मोकळी झालेली जागा कळवणारी कमांड) चालवल्यावर पूल ६८ वर आला. पूल पूर्ण भरला असता, तर त्यावरच्या व्हीएम लिहिता लिहिता अडकल्या असत्या.

कंटेनरच्या (व्हीएमपेक्षा हलक्या, वेगळ्या कप्प्यांच्या) टेम्प्लेटने मला काहीच त्रास दिला नाही. डेबियनचा तयार टेम्प्लेट उतरवला, टाइमझोन आणि माझी नेहमीची हत्यारं घातली, बॅकअप घेतला. आता पाय-होलसारख्या (घरभरच्या जाहिराती अडवणाऱ्या) छोट्या कामांना त्यावरूनच कंटेनर काढतो, काही सेकंदांत उभा राहतो. डॉकरवर (अ‍ॅप त्याच्या स्वतःच्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनावर) चालणाऱ्या गोष्टी मात्र व्हीएममध्येच ठेवतो. प्रॉक्समॉक्सच्या दस्तऐवजातही तसंच सुचवलंय.

जुना टेम्प्लेट अजून काढता आलेला नाही. इमिचची व्हीएम त्याचीच लिंक्ड क्लोन आहे, आणि ती आहे तोवर प्रॉक्समॉक्स तो पुसू देत नाही. येत्या शनिवारी आईचे फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, मग इमिचचा फुल क्लोन (मूळ डिस्कवर अवलंबून नसलेली पूर्ण नक्कल) काढून जुनं सगळं मोकळं करतो.