थ्रीएम ६२०० मास्क आणि २०९७ फिल्टर: डिझेलची काजळी अडते, वायू अडत नाहीत

भूमिगत खाणीत डिझेल लोडरच्या मागे उभं राहणाऱ्याने कोणता मास्क घ्यावा, या प्रश्नाला बहुतेक वेळा हेच उत्तर मिळतं: थ्रीएम कंपनीचा ६२००, म्हणजे रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा, फक्त नाक-तोंड झाकणारा राखाडी हाफ मास्क, आणि दोन बाजूंना चकतीसारखे गडद गुलाबी २०९७ फिल्टर. उत्तर बरोबर आहे, पण निम्मंच.

आधी धुराबद्दल. डिझेलची काजळी एक मायक्रॉनहून बारीक असते, म्हणून नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, आणि जाताना अर्धवट जळालेली तेलकट रसायनं अंगावर घेऊन जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं होतं. २०१२ साली ‘बहुधा’ काढून टाकलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पोटॅश, ट्रोना, मीठ आणि चुनखडीच्या आठ खाणींतल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वात जास्त धूर झेललेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. या खाणी निवडण्याचं कारणही पक्कं होतं: फुप्फुसाचा कर्करोग करू शकणारे सिलिका (दगडाची बारीक धूळ) आणि रेडॉन (खडकातून येणारा किरणोत्सारी वायू) तिथे कमी, त्यामुळे दोष दगडावर ढकलायला जागा नव्हती.

आता मास्क. ६२०० हा मध्यम मापाचा. लहान चेहऱ्याला ६१००, मोठ्याला ६३००. खाणीच्या स्टोअरमध्ये सरसकट ६२०० मागवून ठेवतात आणि अर्ध्या चेहऱ्यांवर तो तिथेच कडेने गळतो. फिल्टर पी१०० दर्जाचा, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा. साधा एन९५ इथे का चालत नाही? ‘एन’ मालिका तेलकट कणांसाठी नसतेच, आणि डिझेलची काजळी तेलकट असते. अमेरिकेच्या धातू आणि अधातू खाणींचा नियम म्हणूनच ‘आर’ किंवा ‘पी’ मालिका मागतो, आणि ‘आर’ एका पाळीपुरताच चालवू देतो.

कागदावरचे ९९.९७ टक्के चेहऱ्यावर मिळत नाहीत. हाफ मास्कचा संरक्षण गुणांक १० धरतात, म्हणजे बाहेरच्या धुराचा दहावा हिस्सा आत येईल असं गृहीत धरून चालायचं, तेही फिट टेस्ट (मास्क त्या चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी) झाली असेल तर. दोन दिवसांची दाढी असली तरी हा हिशेब संपला. रोजची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. दोन्ही अंगठे फिल्टरच्या मधोमध दाबून हलका श्वास आत घ्यायचा, मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. मग समोरच्या झडपेच्या झाकणावर तळवा ठेवून हलकेच श्वास सोडायचा, मास्क किंचित फुगला पाहिजे. कडेने हवा सुटली तर पट्टे कमी-जास्त करायचे.

एवढं करूनही गळतो तेव्हा गुन्हेगार बहुधा ती समोरची झडप असते. गरम, ओल्या फेसवर (खाणीत जिथे प्रत्यक्ष खोदकाम चालतं तिथे) उच्छ्वासाचं पाणी तिथे जमतं, त्यात बारीक चिखल बसतो आणि पातळ पडदा नीट मिटत नाही. मग प्रत्येक श्वासाला धूर फिल्टर टाळून थेट आत. पाळी संपल्यावर पांढऱ्या टिश्यूने मास्कची नाकाजवळची आतली कड आणि झडपेची बैठक पुसून पाहावी. टिश्यूवर काळी रेघ उमटली तर गळती कुठे आहे ते कळतं. पडदा (६८८९) आणि आतल्या झडपा (६८९३) सुट्या मिळतात. मास्क मागवतानाच चार-चार जास्त मागवाव्यात.

२०९७ बद्दलचा खरा आक्षेप वेगळा आहे. याच्यात कोळशाचा पातळ थर आहे, त्यामुळे डिझेलचा उग्र दर्प जवळजवळ नाहीसा होतो. माणसं खूश होतात, आणि इथेच घात आहे. हा थर फक्त त्रासदायक वासापुरता. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड आरामात पार होतात, आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी या फिल्टरला मान्यताच नाही. कार्बन मोनॉक्साइडला मुळात वास नसतो. पण डोक्यावरची हवा कोंडली आहे, पंख्याची डक्ट (हवा आत नेणारी मोठी नळी) फाटली आहे, हे नाकाला आधी सांगणारा धुराचा दर्पच बंद झाला, तर माणूस मोकळ्या हवेत असल्यासारखा तासभर जास्त थांबतो. नायट्रोजन डायऑक्साइडने फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात, तोवर माणूस घरी पोचून जेवलेलाही असतो. यंत्राला प्लॅटिनमचा थर असलेला धूरगाळणी फिल्टर बसवला असेल तर हा वायू वाढूही शकतो. तेव्हा २०९७ घ्यायचा तर खिशाला वायुमापक हवाच. तो नसेल तर कोळसा नसलेला २०९१ घ्यावा. काजळीसाठी दोन्ही सारखेच. कमरेच्या पट्ट्यावरचा सेल्फ-रेस्क्यूअर (आणीबाणीत बाहेर पडेपर्यंत श्वास घेऊ देणारं उपकरण) सुटकेसाठी असतो, काम करायला नव्हे.

तेलकट धुरात पी१०० फिल्टर ४० तास किंवा ३० दिवस, जे आधी भरेल तेव्हा बदलायचा. आठ तासांच्या पाळीने पाच पाळ्या. श्वास ओढायला जड लागला तर त्याआधीच. फिल्टर धुवायचा नाही, झटकायचा नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच नाही. मास्क मात्र फिल्टर काढून ४९ अंशांखालच्या कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा.

छतातून पाणी गळत असेल तर ही उघडी चकती भिजते. तिथे प्लास्टिकच्या कवचातला ७०९३ बरा. ६२०० चे पट्टे हेल्मेटखाली जातात आणि तो गळ्यात सोडता येत नाही, म्हणून बोलायला किंवा पाणी प्यायला प्रत्येक वेळी हेल्मेट काढावं लागतं. शेवटी लोक मास्क कपाळावर सरकवतात. दिवसभर फेसवर असणाऱ्याने खाली सरकणारी ७५०० मालिका घ्यावी. महाग पडते, पण तोंडावर राहते.

राजस्थानातल्या जस्ताच्या खाणींत डिकलाइनवरून (खाणीत उतरणाऱ्या उताराच्या रस्त्यावरून) डिझेल ट्रक थेट खोलवर उतरतात. तिथला खरा मास्क म्हणजे वाहती हवा. यंत्राच्या दर किलोवॉटमागे सेकंदाला ०.०५ ते ०.०६ घनमीटर हवा सर्रास धरतात, म्हणजे २५० किलोवॉटच्या एका लोडरला १२.५ ते १५ घनमीटर. हवा एवढी पोचत नसेल तर हे फिल्टर बदलून बदलून फक्त स्टोअरचं बिल वाढतं.

ऑनलाइन घेताना पाकिटावर ‘टीसी-८४ए’ने सुरू होणारा मान्यता क्रमांक आणि फिल्टरवर छापलेला पी१०० पाहावा. सुटे, पाकिटाबाहेरचे फिल्टर कितीही स्वस्त असले तरी परत ठेवावेत.