ब्रिक्सचा संयुक्त कॉल की एएनआरएफ: प्रस्ताव आधी कुठे टाकावा?

संशोधनाच्या पैशासाठी प्रस्ताव आधी ब्रिक्स देशांनी मिळून मागवलेल्या प्रस्तावांत (संयुक्त कॉल) टाकावा की एएनआरएफ या आपल्या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेकडे, हा प्रश्न विद्यापीठात नव्याने लागलेले सहकारी हल्ली वरचेवर विचारतात. तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या (महाविद्यालय-विद्यापीठांच्या मूल्यांकनाच्या) फायली यांतून दोन मोठे प्रस्ताव एकाच वेळी लिहिण्याइतकी उसंत कुणालाच मिळत नाही, त्यामुळे एक आधी निवडावाच लागतो. मी दोन्हीकडच्या पैशांवर काम केलं आहे. पात्रता, वयाची अट, फॉर्मचा नमुना हे सगळं पोर्टलवर आहे, ते इथे उगाळत नाही.

ब्रिक्सची ओढ का वाटते ते मला चांगलं ठाऊक आहे. मार्च २०१५ मध्ये ब्राझीलियात ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांचा विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार झाला आणि २०१६ पासून संयुक्त कॉल निघू लागले. किमान तीन देशांचे गट एकत्र यायला हवेत, ही त्यातली मुख्य अट. माझं काम नदीच्या गाळातल्या जड धातूंचं. मोसमी पावसावर चालणारी नदी, अर्धं वर्ष गोठलेली नदी आणि कोरड्या पठारावरची नदी एकाच पद्धतीने मोजून एका पेपरात शेजारी शेजारी मांडता आली, तर त्या तक्त्याचं वजनच वेगळं होतं. घरबसल्या ते जमत नाही. शिवाय ब्रिक्सच्या तरुण शास्त्रज्ञांच्या मेळाव्यांमुळे (पहिला २०१६ मध्ये बेंगळुरूला झाला होता) विद्यार्थ्यांनाही बाहेरचं जग दिसतं.

पैशांची व्यवस्था कागदावर अगदी सुटसुटीत आहे. प्रत्येक देश फक्त आपल्या संशोधकांना देतो: आपल्याकडे डीएसटी (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग), ब्राझीलमध्ये सीएनपीक्यू, दक्षिण आफ्रिकेत एनआरएफ, चीनमध्ये एनएसएफसी. एक रुपयाही सीमा ओलांडत नाही, म्हणजे परकीय चलनाची भानगड नाही.

माझं घोडं अडलं ते नेमकं इथेच. पैसे वेगळ्या खिशातून येतात, तसे वेगळ्या वेळीही येतात. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि दक्षिण आफ्रिकेचंही तेव्हाच. रशिया, चीन, ब्राझील डिसेंबरवर चालतात, इजिप्त जूनवर. २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती आले, २०२५ मध्ये इंडोनेशिया. मंडळ मोठं झालं हे चांगलंच, पण कॅलेंडरंही वाढली.

आमची सँक्शन ऑर्डर (निधी मंजुरीचा आदेश) आली, तेव्हा एका भागीदाराची मंजुरी त्याच्या देशातल्या संस्थेत पडून होती. आम्ही मे महिन्यात, पावसाआधी गाळ काढला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा काढला. वाळवून, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून, पिशव्यांवर तारखा टाकून ठेवला. भागीदार नदीत उतरला तोवर आमचा पुढचा पावसाळाही उलटून गेला होता. मग समीक्षकाने विचारलं, तिन्ही नद्यांची वर्षं वेगवेगळी का? त्यावर शास्त्रीय उत्तर काय देणार! दरम्यान संयुक्त क्षेत्रभेटीसाठी ठेवलेली प्रवासाची रक्कम, समोरचा तयार नसल्यामुळे, त्या वर्षी अखर्चित राहिली. युसी (निधी कसा वापरला याचं प्रमाणपत्र) भरताना ती 'न वापरलेली' या रकान्यात गेली, आणि का नाही वापरली याचा खुलासा मीच लिहायचा. सगळ्यात लागलं ते आमच्या जेआरएफचं, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधन फेलोचं. प्रकल्पाचं घड्याळ आमच्या सँक्शनपासून सुरू झालेलं, तुलनेला लागणारी आकडेवारी हाती येईपर्यंत त्याची फेलोशिप संपत आली. हुशार मुलगा, पण महिना ३७,००० रुपयेही बंद झाल्यावर तो थांबणार कशाच्या भरवशावर? तो बँकेत लागला.

हे कदाचित माझ्याच वाट्याला आलं असेल. माझ्या ओळखीत असे गट आहेत ज्यांचं सगळं सुरळीत पार पडलं. पण बघितलं तर त्यांच्या भागीदारांकडे प्रयोगशाळेत कायम नोकरीतली माणसं होती. मंजुरी उशिरा आली तरी काम थांबलं नाही.

एएनआरएफ म्हणजे स्वर्ग आहे असं नाही. २०२३ च्या कायद्याने ती उभी राहिली, संशोधनाला निधी देणारी जुनी संस्था सर्ब तीतच विलीन झाली (आमच्या लेखा विभागात अजून सर्बच म्हणतात). २०२३ ते २०२८ साठी ५०,००० कोटींचा आकडा सांगितला गेला, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यायचा आहे, तेव्हा त्या आकड्याकडे पाहून फार हुरळून जाऊ नये. स्पर्धाही जबर आहे. पण एक सँक्शन, एक खातं, एक घड्याळ. उशीर झाला तरी सगळ्या कामाला सारखाच होतो, मेचा गाळ आणि ऑक्टोबरचा गाळ एकाच वर्षाचा राहतो.

खरेदीची कटकटही थोडी कमी झाली आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली आणि खरेदी समितीची दहावरून पंचवीस लाखांवर. जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) चाळण्या नि ॲसिडच्या बाटल्या शोधत बसलेल्यांना याची किंमत कळेल. राज्य विद्यापीठांत मात्र खरेदी विभाग आपलंच जुनं परिपत्रक पुढे करू शकतो, ते आधी विचारून घ्या.

आणखी एक. परदेशी भागीदार असण्याचा एक न बोललेला फायदा म्हणजे त्याच्या ग्रंथालयातून पेपर मागवता यायचे. केंद्राचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, राज्य सरकारी संस्थांसह. ते कारण बरंचसं निकालात निघालं.

तुमचा विषय दूरसंवेदनाचा असेल तर माझं ऐकू नका. ब्रिक्सच्या पाच अवकाश संस्थांनी २०२१ मध्ये उपग्रहांची माहिती वाटून घेण्याचा करार केला, त्यात आपलं हैदराबादजवळच्या शादनगरचं केंद्र आहे. तिथे हंगाम चुकण्याचा प्रश्न तितका येत नाही, चित्र आधीच काढलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणींवर काम करणाऱ्यांचंही तेच. आणि एकच परदेशी भागीदार पक्का असेल तर डीएसटीचे द्विपक्षीय कॉल बघा, तिथे निदान दोनच कॅलेंडरं जुळवायची असतात.

नदी, शेत, जंगल, रोग, जिथे ऋतू थांबत नाही, तिथे मी आधी एएनआरएफचा फॉर्म भरतो. ब्रिक्सच्या भागीदाराला मात्र एक मेल जरूर टाकतो: तुमची मंजुरी लांबली तर पहिल्या हंगामाचे नमुने तुम्ही स्वतःच्या पैशातून काढाल का? 'हो' असं लेखी आलं, तर त्याच्याबरोबर पुढच्या कॉलला जायला माझी आजही ना नाही.