मोबाइल चोरीला गेला तर सगळ्यात आधी सिम बंद करा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात बाबांचा मोबाइल गेला. दिवाळीनंतरचा बाजार, कापूस विकून आलेल्यांची ही गर्दी. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडायला बाबा खाली वाकले, तेवढ्यात सदऱ्याच्या वरच्या खिशातून कुणीतरी तो काढून घेतला. "मोबाइल दिसून नाही राह्यला," असं म्हणेपर्यंत चोर पसार. शेजारच्याच्या फोनवरून रिंग दिली. दोनदा वाजला, मग स्विच ऑफ.

जमलेल्या लोकांनी सल्ला दिला, "सिम बंद करू नका काका, चालू राह्यलं तर पोलिसांले लोकेशन सापडते." हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. पोलिस फोन शोधतात तो त्याच्या आयएमईआय नंबरवरून, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून. सिम बंद केल्याने तो शोध थांबत नाही. बाबांनी मात्र लोकांचं ऐकलं, आणि आमचं खरं नुकसान तिथून सुरू झालं.

फोनला लॉक होतं, सिमला नव्हतं. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं. बाबा एटीएम कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायचे. गावात कितीतरी लोक असंच ठेवतात. यूपीआयचा पिन नव्याने बनवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि त्याच नंबरवर येणारा ओटीपी लागतो. सगळं आयतं चोराच्या हातात होतं.

नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या २४ तासांत साधारण पाच हजारांपर्यंतच पैसे पाठवता येतात. बाबांचं पासबुक छापून आणलं तेव्हा ते ओळीने दिसलं. बाजाराच्या संध्याकाळी दोन हजार, मग तीन हजार. दुसऱ्या रात्री मात्र एकामागोमाग मोठ्या रकमा, खात्यात चारशे रुपये उरेपर्यंत. कापसाचा सगळा पैसा गेला. पैसे कटल्याचा प्रत्येक मेसेज चोराकडेच जात होता, त्यामुळे घरी कुणाला पत्ताच नाही. पहिल्याच संध्याकाळी सिम आणि यूपीआय बंद झालं असतं तर पाच हजारांवर निभावलं असतं. ही गोष्ट मला अजूनही सलते.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. सिममध्ये दादाचा नंबर 'मोठा मुलगा' म्हणून सेव्ह होता. त्याला फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय. तुमच्या वडिलांचा मोबाइल सापडला आहे, तुमच्या नंबरवर आलेला ओटीपी सांगा." बोलणं इतकं अदबीचं की दादा सांगणारच होता, वहिनीने फोन हिसकून कट केला. फोन सापडला तर तो ठाण्यात जाऊन घ्यायचा असतो. त्यासाठी फोनवर ओटीपी मागणारा माणूस चोरांचाच समजा.

म्हणून कळकळीने सांगतो. बाजारातून घरी यायच्या आधी, त्याच कंपनीचं सिम असलेल्या कुणाच्याही फोनवरून १९८ लावा आणि सिम बंद करा. मग बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगा, आणि तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, तुम्ही कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेची असते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आमचे थोडे पैसे पुढच्या एका खात्यात तेवढ्याने गोठले. उशीर झाला नसता तर जास्त अडले असते.

ठाण्यात 'हरवला' असं लिहून घेऊ लागले तर नम्रपणे पण ठामपणे सांगा, चोरीला गेला. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

त्याच नंबरचं नवीन सिम घ्या. त्यावर मेसेज यायला २४ तास लागतात, तेव्हा घाबरू नका. मग संचार साथी या सरकारी वेबसाइटवरच्या सीईआयआर पोर्टलवर तक्रारीची प्रत जोडून फोन ब्लॉक करा. ओटीपी त्या नव्या सिमवर येतो. ब्लॉक केलेला फोन देशात कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. त्यासाठी पंधरा आकडी आयएमईआय लागतो. तो फोनच्या डब्यावर आणि बहुतेक वेळा बिलावर छापलेला असतो, नाहीतर आजच *#०६# दाबून वहीत उतरवून ठेवा.

बाबांच्या नव्या सिमला आता पिन लावला आहे. सेटिंगमध्ये सिम लॉक नावाने तो सापडतो. कंपनीचा मूळ पिन सिम कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, विचारूनच टाका. अंदाजाने टाकून तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला पीयूके नंबर मागतं.