१ टीबीची एसएसडी म्हणून माझ्या गळ्यात काय मारलं, ते वाचा

एसएसडी म्हणजे कॉम्प्युटरची चिपवाली वेगवान डिस्क, तिचे ५,९०० रुपये. विंडोज त्यावर चढवायचे १,५००. ‘ओरिजिनल विंडोज’चे २,२००. एकूण ९,६००, त्यातून जुन्या हार्ड डिस्कचे ६०० वजा. असे पूर्ण ९,००० रुपये मी यूपीआयने भरले. त्या बदल्यात मिळाली जेमतेम १२० जीबीची डिस्क, जी कॉम्प्युटरला मात्र आपण १ टीबीची असल्याचं सांगते. वर माझ्या कामाच्या फायली गेल्या त्या गेल्याच.

मी सांगलीत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका. हे लिहिताना संताप होतोय आणि चारचौघांत सांगायची लाजही वाटते. पण ते दुकान आजही उघडं आहे, आजही तिथे लोक रांगेत उभे आहेत, म्हणून लिहितेय.

कॉम्प्युटर २०१८ चा, आत साधी १ टीबीची हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क कायम १०० टक्के. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि पेजमेकर उघडता उघडत नाही, हे रोजचं झालं होतं. यावर उपाय एसएसडी, हे आता सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. साध्या डिस्कवरून सेकंदाला शंभर-दीडशे एमबी निघतात, साटा केबलने जोडायच्या एसएसडीवरून पाचशेच्या वर. नवीन विंडोज टाकायला माझी तयारी नव्हती. श्रीलिपी, कोरल, शेकडो फॉन्ट, सगळं सेटिंग नव्याने लावायचं म्हणजे ऐन लग्नसराईत काम बंद. म्हणून आहे तीच सिस्टीम जशीच्या तशी, क्लोन करून हवी होती. मी दुकानात जाऊन स्पष्ट सांगितलं होतं: २४० जीबीची छोटी एसएसडी घाला, फक्त विंडोज आणि सॉफ्टवेअर तिच्यावर घ्या, माझा डेटा जुन्या डिस्कवरच राहू दे. जाणकाराला विचारा, तोही हेच सांगेल. माझं मागणं बरोबर होतं. ते मोडून काढलं त्या माणसाने.

कसं, ते नीट वाचा. मशीन आत नेलं, थोड्या वेळाने मला हाक मारली आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. “ताई, तुमची हार्ड डिस्क जायच्या मार्गावर आहे. हे बघा.” पडद्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलेलं. डाव्या बाजूला पिवळा चौकोन, त्यात ‘कॉशन’, म्हणजे सावधान. “आज आहे, उद्या नाही. सगळा डेटा एसएसडीवर घ्या, १ टीबीची घाला. आणि विंडोज १० बंद झालंय, ते पण ओरिजिनल करून देतो.”

मी त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या मावसभावाला पाठवला. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. त्यात अगदी वरच्या ओळीत, डिस्कच्या मॉडेल नंबराशेजारी लिहिलंय: ५००.१ जीबी.

माझी डिस्क १ टीबीची होती. म्हणजे पडद्यावर माझी डिस्क नव्हतीच. कुठलीतरी जुनी मरणपंथाला लागलेली ५०० जीबीची डिस्क त्याने जोडून ठेवली होती. बहुधा येणाऱ्या प्रत्येकाला तीच दाखवत असणार. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, ठळक अक्षरात होता, हातातल्या फोटोत होता. रात्री झोप लागत नाही ती या एका आकड्यामुळे. तेव्हाच बोट ठेवून “ही डिस्क कुणाची?” असं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला सांगा, पिवळा चौकोन दाखवून समोरचा डेटा जाणार म्हणून घाबरवत असताना वरची ओळ कोण वाचतं? भावानेही फोटो पाहिला. दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा माणूस तो. त्यानेही उत्तर पाठवलं, “लगेच बदलून घे.” तेव्हा ‘बाईमाणूस, तिला काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांनी गप्प बसावं. तुम्हाला असा रिपोर्ट दाखवला तर आधी मॉडेल, साइज आणि सीरियल नंबर बघा, मग रंग. ते नंबर घरी असतानाच लिहून ठेवा.

बिल मागितलं तर म्हणाला, “बिल हवं तर १८ टक्के वर पडतील.” ९,६०० वर १,७२८ रुपये. नको म्हटलं. आज सगळे मला यावरून ऐकवतात. ऐकवणाऱ्यांपैकी किती जणांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं पक्कं बिल घेतलंय? आणि नंतर कळलं ते असं की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा म्हटली आहे. म्हणजे दोष बिल न देणाऱ्याचा. ‘जादा पैसे द्या, मग बिल देतो’ असं कोणी म्हणालं की तिथेच वस्तू उचलायची आणि बाहेर पडायचं.

दुसऱ्या दिवशी मशीन घ्यायला गेले. बटण दाबलं आणि बघता बघता विंडोज सुरू. डिस्क ९३१ जीबी दाखवत होती, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये तेवढीच दिसते, ते बरोबरच होतं. डी ड्राइव्हवर माझे सगळे फोल्डर जागच्या जागी. त्याने स्वतःच पहिला फोल्डर उघडला, त्यातल्या दोन-तीन पत्रिका उघडून दाखवल्या. “बघा ताई, जसंच्या तसं.” शेवटचा फोल्डर उघडला नाही. आता कळतंय का ते. पैसे ज्या नावावर गेले ते दुकानाचं नाव नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. हेही लक्षात ठेवा: क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका.

जुनी डिस्क मी मागितली होती. “तिचे ६०० कमी केलेत की. खराबच आहे ती, घेऊन काय करणार?” आणि मी ऐकलं, कारण खराब असल्याचा ‘पुरावा’ आदल्या दिवशीच डोळ्यांना दाखवून झाला होता. हा एकच डाव नाही, एकात एक बसवलेला डाव आहे. आधी डिस्क मेली म्हणायचं, मग तीच काढून घ्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाकडे मागे फिरायला जागाच उरत नाही.

घोटाळा उघडा पडला तो जुना अहवाल काढायला गेले तेव्हा. फाईल दिसतेय, नाव दिसतंय, साइज दिसतेय, उघडली की एरर. दुसरी, तीच गत. मग नव्या कामातही तेच: आदल्या संध्याकाळी लावलेली स्मरणिकेची पानं सेव्ह करून, पुन्हा उघडून तपासून बंद केली आणि सकाळी फाईल करप्ट. आदल्या दिवशी ती उघडली होती, कारण तोवर ती कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, रॅममध्ये होती. डिस्कवर ती कधी उतरलीच नव्हती.

भाऊ सुट्टीत आला तेव्हा त्याने उरलेल्या जागेवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू चालवलं. जर्मनीतल्या एका कॉम्प्युटर नियतकालिकाचं हे फुकट सॉफ्टवेअर आहे. ते रिकाम्या जागेत खरोखर डेटा भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. वाचताना एररच एरर. मग जेवढं वाचता येत होतं तेवढं बाहेर काढून सगळी डिस्क रिकामी करून पुन्हा तपासली, तेव्हा पक्कं झालं: सुरुवातीचे साधारण १२० जीबी खरे, पुढे काही नाही. असल्या डिस्कच्या आतलं फर्मवेअर (डिस्क चालवणारा प्रोग्राम) बदललेलं असतं. ते मोठा आकडा सांगतं, येईल तेवढं लिहून घेतल्यासारखं दाखवतं आणि खऱ्या चिपची जागा संपली की पुढचं सगळं टाकून देतं. फायलींची यादी पार्टिशनच्या सुरुवातीला असते, ती खऱ्या जागेत पडली, म्हणून नावं शाबूत. डबे रिकामे आणि झाकणांवर चिठ्ठ्या मात्र चिकटलेल्या, तसं. त्याने सी ड्राइव्ह सुरुवातीला १०० जीबीचा ठेवला होता, म्हणून विंडोज पळत राहिलं. चुकून असं जमत नाही. हे माहितगाराचं काम आहे.

आणि ते २,२०० रुपये? माझं विंडोज मशीनबरोबर विकत घेतलेलं होतं, बिलासकट. त्याचं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली म्हणून जात नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर आधीही ॲक्टिव्ह होतं, नंतरही तेच विंडोज १० ॲक्टिव्ह. क्लोन केलं म्हणजे तेच विंडोज नव्या डिस्कवर आलं. २,२०० रुपये त्याने न केलेल्या कामाचे घेतले. कोणी लायसन्सचे पैसे मागितले की आधी ते पान उघडून बघा.

डेटा परत मिळावा म्हणून एसएसडी पुण्याला पाठवली. कुरियरचे २१०, तपासणीचे ८००. उत्तर आलं की जे लिहिलंच गेलं नाही ते काढायचं कुठून. स्मरणिकेचा ३,५०० रुपये ॲडव्हान्स मला शाळेला परत करावा लागला. इतकी वर्षं कुणाचं काम बुडवलं नव्हतं.

दुकानदाराकडे गेले तर आवाज चढवून, लोकांसमोर: “एसएसडी अशीच असते ताई, अचानक जाते. डेटाची गॅरंटी जगात कोणी देत नाही. बिल आहे का?” बिल त्यानेच दिलं नव्हतं.

पोलीस स्टेशनात आधी साहेब बंदोबस्ताला गेले होते. मग साहेब भेटले तर, “मॅडम, नऊ हजारांसाठी? ही सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा.” मी फोटो दाखवला, ५०० चा आकडा दाखवला. त्यांनी मोबाईल हातातही घेतला नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर “कशाला पाहिजे?” तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात जाऊन पैसे दिलेत, हा ऑनलाइन गुन्हा नाही. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. एसएसडीवर ज्या कंपनीचं स्टिकर होतं तिच्या कस्टमर केअरला सीरियल नंबर सांगितला, तर हा नंबर आमच्याकडे दिसत नाही, त्यामुळे वॉरंटी नाही. ठीक, मग ही डिस्क तुमची नाही एवढं लेखी द्या. “तसं लेखी देता येत नाही मॅडम.” का देता येत नाही? तुमच्या नावाने बनावट माल विकला जातोय, राग तुम्हाला यायला हवा! प्रत्येक टेबलावरचा माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो. रक्कम छोटी म्हणून कुणाला पर्वा नाही. माझ्यासारख्या शंभर जणांचे नऊ-नऊ हजार म्हणजे नऊ लाख होतात, हा हिशोब त्या खुर्च्यांवर बसून कुणालाच येत नाही? आणि मला मात्र माझं दुकान बंद ठेवून यांचे उंबरे झिजवावे लागतात, त्या बुडालेल्या कामाचा हिशोब कोण देणार?

फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. फसवून माल किंवा पैसे काढून घेतले तर पोटकलम ४, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ‘सिव्हिल आहे’ म्हणून परत पाठवलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच तक्रार लेखी, पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हे मला पोलीस ठाण्यात कोणी सांगितलं नाही, एका ओळखीच्या वकील काकांनी सांगितलं. स्पीड पोस्टाने अर्ज गेला आहे. ग्राहक आयोगाकडेही ई-जागृती पोर्टलवरून तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा करता येतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. यूपीआयची पावती, फोटो, दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं जोडलं. तुमच्याकडेही असलं काही असेल तर डिलीट करू नका.

क्लोन करून घेणार असाल तर समोर बसून करून घ्या. एसएसडीचा डबा तुमच्या देखत फुटला पाहिजे. माझ्या डब्याची पट्टी ब्लेडने कापून वर साधी सेलोटेप मारलेली होती. नवी डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये किती तास चालली आहे ते बघा. पण फर्मवेअर बदलणारा तासही बदलू शकतो, म्हणून पूर्ण डिस्क भरून तपासल्याशिवाय विश्वास नको. त्याला कित्येक तास लागतात, लागू देत. लॅपटॉप असेल तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. डिस्क क्लोन करायचं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, घरात कुणाला जमत असेल तर दुकानाची पायरीच चढू नका. फायली उघडून बघायच्या तर सगळ्यात शेवटच्या फोल्डरातल्या बघा, स्वतःच्या हाताने. आणि जुनी डिस्क, चांगली असो की खराब, कुणी सहाशे देवो की सहा हजार, द्यायची नाही.

माझी ती जुनी डिस्क चांगली होती, याबद्दल आता मला शंका नाही. दुकानदार आधी म्हणाला भंगारात गेली, नंतर म्हणाला विकली. तिच्यात माझं सगळं काम आहेच, शिवाय गिऱ्हाइकांनी दिलेल्या आधार कार्डांचे स्कॅन आहेत, घराघरातले फोटो आहेत. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणी अलीकडे वापरलेली १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क घेतली असेल आणि डी ड्राइव्हवर लग्नपत्रिकांचे आणि पतसंस्थांच्या अहवालांचे सालवार फोल्डर दिसत असतील, तर कृपा करून फॉरमॅट करू नका. केली असेल तरी तिच्यावर नवीन काही भरू नका. मला कळवा. तुम्ही दिलेली किंमत मी देईन.