हर्शस्प्रंग: एक्स-रे की बायोप्सी?

४८ तास उलटूनही बाळाला पहिली काळी शी झाली नाही, पोट टम्म फुगलं, की पेडण्याची आजी घुटी उगाळायला बसते. ती राहू द्या, बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठा. साधारण ५००० बाळांत एकाच्या आतड्याच्या भिंतीत खालच्या टोकाला चेतापेशीच नसतात, म्हणून शी पुढे सरकत नाही. हाच हर्शस्प्रंग आजार.

बेरियमचा (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य गुदद्वारातून घालून काढलेला) एक्स-रे सोपा, अरुंद आतडं कुठे संपून फुगलेलं सुरू होतं ते दाखवतो. नवजात बाळात मात्र हा फरक कधीकधी दिसतच नाही.

निकाल लावते बायोप्सी. गुदद्वारातून बारीक नळी घालून भिंतीचा इवलासा तुकडा ओढून घेतात आणि त्यात चेतापेशी आहेत का ते पाहतात. तान्ह्याला सहसा भूलही लागत नाही. तुकडा फार वरवरचा आला तर पुन्हा घ्यावा लागतो, हा एक ताप. तरी नुसत्या एक्स-रेवर शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, असं माझं मत.