सिल्क मार्क खरा निघाला, तरी पैठणीत २६ हजारांना फसले

लेकीच्या लग्नाची पैठणी. शिर्डीहून परत येताना मुद्दाम वाट वाकडी करून येवल्यात थांबलो, म्हटलं पुण्यात दुकानदाराचं भाडं आणि एसी आपण कशाला भरायचा, जिथे विणतात तिथूनच घेऊ. दुकानाचं नाव लिहीत नाही. आत शिरल्या शिरल्या हातमाग मांडलेला, त्यावर अर्धवट पदर, एक दादा मान खाली घालून रंगीत कांड्या इकडून तिकडे घालतायत, ह्यांनी तर व्हिडिओ पण काढला. मी तिथेच विरघळले.

मग वर गादीवर बसवलं, चहा आला, साड्यांचा ढीग पडला. वांगी रंग, मोरांचा पदर, नारळी काठ, २६ हजार. हातमागाचीच ना, असं मी दोनदा विचारलं. "ताई, खाली बघितलंत की, आपल्याच मागावरची." शिवाय सिल्क मार्कचा टॅग लटकलेला, होलोग्राम, नंबर, सगळं. आता ह्याच्यावर अजून काय शंका घेणार?

लग्न झालं, साडी घडी करायला घेतली तेव्हा सासूबाईंनी पदर उलटा केला आणि म्हणाल्या, अगं ह्याला मागून शेपट्या कसल्या? त्यांची स्वतःच्या लग्नातली पैठणी काढली, तिचा पदर उलटा कुठला नि सुलटा कुठला कळतच नाही. आमच्या मोरांच्या मागे मात्र कापलेल्या धाग्यांचं नुसतं गवत. मी गुगल करून त्यांनाच शिकवलं की ब्रोकेड पैठणीला मागे धागे असतात, ती पण हातमागावर होते (हे खरं आहे, फक्त भाव कमी असतो, आणि दुकानात ब्रोकेड हा शब्द कोणी उच्चारला नव्हता). मग काठाचा एक धागा काढून जाळला, केस जळल्यासारखा वास, राख बोटात चुरली. पॉलिस्टर असतं तर वितळून गोळी झाली असती. म्हटलं चला, सिल्क तर खरं आहे.

तरी मन खात होतं म्हणून ओळखीतून येवल्यातल्याच एका विणकरकाकांना दाखवली. त्यांनी साडी हातात पण धरली नाही नीट, पदरावरचे नऊ मोर बघितले आणि हसले. "हातानं विणलं की एखाद्याची मान जाड होते, एखाद्याची बारीक. हे नऊच्या नऊ जुळे भाऊ आहेत. पॉवरलूम, यंत्रमागावरची." मग म्हणाले, "असा पदर हातानं धागे सांधत भरायला मला महिना जातो ताई, दुकानदार २६ला विकणार तर मला तो काय देणार?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तर दुकानात अजून दोन हजार कमी करा म्हणून घासाघीस केली होती.

त्यांनीच सांगितलं की सिल्क मार्क म्हणजे फक्त रेशीम अस्सल आहे एवढंच, सेंट्रल सिल्क बोर्डाने २००४ मध्ये सुरू केलाय तो. कुठे विणली, कोणी विणली, जर कसली, ह्याबद्दल तो टॅग अवाक्षर बोलत नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे, २००६ पासून. आणि गंमत बघा, अस्सल येवल्याच्या पैठणीचं पण रेशीम बंगलोरकडून येतं नि जर सुरतेची, म्हणजे येवल्याचं असं त्यात असतं काय तर विणकाम. आपण जास्तीचे पैसे त्याचेच मोजतो आणि नेमकं त्याबद्दलच टॅगवर काही नव्हतं.

दुकानात फोन केला तर म्हणे बिल बघा. बिल काढलं, त्यावर "सिल्क सारी, १ नग". पैठणी नाही, हातमाग नाही, काही नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार टाकली, तिथेही दुकानाचं उत्तर हेच की आम्ही हातमागाची म्हणून विकलीच नाही. खालचा माग दाखवला तो मग कशाला? तर म्हणे गिऱ्हाइकांना कला कळावी म्हणून!!

गेल्या महिन्यात भाचीसाठी बघायला गेलो तेव्हा साडी उघडायच्या आधीच मी म्हटलं, बिलावर "हातमागावर विणलेली पैठणी" असं लिहून द्याल का. पहिल्या दुकानात माणसाने उलगडत आणलेली साडी तशीच परत घडी घातली आणि म्हणाला, ताई, सेमी पैठणी दाखवू का, हुबेहूब दिसते.